गाणं 'सिनेमासारखं' मोठं करायचंय, पण कोरसला नुसता चिखल होतोय

लातूर_डिस्टॉर्शन: सहा मिनिटांचं रॉक गाणं आहे, ड्रॉप डी (जाड तार उतरवून डी ला लावलेली), ७५ बीपीएम (मिनिटाला ७५ ठोके). कोरसला चार गिटार, चेलो-व्हायोलिनची सँपल लायब्ररी (आधीच रेकॉर्ड केलेले तयार स्वर), वरून संबळ आणि हलगी. एकेक ट्रॅक झकास वाटतो. सगळं एकदम लागलं की गोधडी पांघरून ऐकल्यागत होतं. रिव्हर्ब (घुमारा) वाढवला तर अजूनच दबतं. काय करावं?

पॅचबे: आधी मांडणी बघा, मिक्स नंतर. ड्रॉप डीची जाड तार ७३ हर्ट्झवर, चेलोची ६५ वर. दोघं एकमेकांच्या उरावर बसलेत. चेलोला पूर्ण कॉर्ड दिला असेल तर १३० हर्ट्झच्या खाली फक्त षड्ज-पंचम ठेवा, गंधार वर न्या. व्हायोलिन एक सप्तक चढवा. गिटार दोनच पुरे, एक पार डावीकडे, एक उजवीकडे. पण दोन्ही वेगळ्या वाजवा. कॉपी-पेस्ट केलेली गिटार मधोमधच ऐकू येते. गेन (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारी खुंटी) निम्म्यावर आणा. डिस्टॉर्शन जास्त झालं की ठोका सपाट होतो आणि मोठेपणा तिथंच मरतो. शिवाय लेगाटो (स्वर एकमेकांना जोडून वाजवलेले) सँपल उशिरा बोलतात, तो ट्रॅक १०० मिलिसेकंद लवकर सुरू होईल असा सरकवून बघा.

गोंधळी_बीट: संबळाला एक माइक जवळ, दुसरा साडेतीन मीटरवर. लांबच्यात आवाज १० मिलिसेकंद उशिरा पोचतो, तो सरकवून जुळवू नका. जागा त्यानंच कळते. फक्त एका माइकचा फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटा करून बघा, ज्यात धुम भरीव लागेल ते ठेवा. हलगीची कडकड २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये गायकाला खाते. ती ओळींच्या मधे वाजवा, शब्दांवर नको.

लातूर_डिस्टॉर्शन: गंधार वर नेला, निम्मा चिखल गेला! रिव्हर्बचं काय?

पॅचबे: रिव्हर्बला पाठवण्याआधी ३०० हर्ट्झखालचं कापा. प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची थांब) ५० मिलिसेकंद, शेपूट (घुमारा विरेपर्यंतचा वेळ) अडीच सेकंद. तुमचा एक बार (चार ठोके) ३.२ सेकंदांचा आहे, म्हणजे पुढच्या समेआधी जागा मोकळी. अमेरिकी संगीत निर्माता फिल स्पेक्टरनं १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओमध्ये अनेक गिटार-पियानोंकडून एकच ओळ वाजवून घेतली, पण प्रतिध्वनी खऱ्या चेंबरचा (घुमणाऱ्या रिकाम्या खोलीचा) होता. तुम्हाला तिथी नसलेल्या दिवशी रिकामं मंगल कार्यालय चालेल. पंखे बंद, स्पीकरवर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा साइन स्वीप (खालून वर चढत जाणारा एकच स्वर), सहा मीटरवर दोन माइक. त्यातून निघालेला इम्पल्स (त्या जागेच्या घुमाऱ्याचा ठसा) कॉन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (असा ठसा वापरून घुमारा देणाऱ्या प्लगइनमध्ये) घाला. गाद्या-पडदे मात्र आधी बाहेर काढा, नाहीतर सगळी झळाळी तेच पिऊन टाकतील.

गोंधळी_बीट: आणि कोरसआधी अर्धा बार सगळं बंद. फक्त संबळाची शेपूट राहू द्या.