डोहानी सिनेगॉग आणि तुर्कांचा काही संबंध नाही

वर एकाने विचारलंय की बुडापेस्टचं डोहानी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) मशिदीसारखं का दिसतं. त्यावर 'तुर्की राजवटीचा परिणाम' असं उत्तर आलंय, ते काही पटत नाही. बुडा (आताच्या बुडापेस्टचा एक भाग) तुर्कांच्या हातून गेलं १६८६ साली, आणि हे बांधकाम १८५४ ते १८५९चं. वास्तुकार लुडविग फ्योर्स्टर व्हिएन्नाचा. गॉथिक म्हणजे टोकदार कमानींची मध्ययुगीन युरोपीय शैली म्हटलं की लोकांना चर्च आठवायचं, म्हणून त्याने मूरिश, म्हणजे स्पेनमधल्या मुस्लिम वास्तुकलेचं वळण घेतलं: लाल-पिवळ्या विटांचे पट्टे, दोन उंच मनोरे, वर कांद्यासारखे घुमट. गंमत म्हणजे आतला आराखडा बराचसा चर्चचाच! तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) वाचायचा चौथरा परंपरेने मधोमध असतो, तो इथे पुढे सरकवलाय, शिवाय चर्चमध्ये असतो तसा चक्क ऑर्गन.

या शैलीचा अस्सल नमुना बघायचा तर स्पेनमधल्या टोलेडोचं एल ट्रान्झितो सिनेगॉग. चौदाव्या शतकात तिथल्या कास्तिल राज्याच्या पेद्रो राजाचा खजिनदार सॅम्युएल हालेवी याने ते बांधलं. भिंतींवर गिलाव्यात कोरलेली दाट वेलबुट्टी, तिच्या कडेने धावणाऱ्या हिब्रू ओळी, अधूनमधून अरबी मजकूर आणि राज्याची किल्ला-सिंहाची चिन्हं. वर नक्षीदार लाकडी छत. तिथे नजर भिंतीवरून हलत नाही.

आणि गॉथिक वर्ज्य होतं असंही नाही, आपल्या पुण्याचं लाल देऊळ हे सिनेगॉगही गॉथिकच आहे. प्रागचं जुनं-नवं सिनेगॉग साधारण १२७०चं. त्याच्या छताच्या कमानींना चारऐवजी पाच फासळ्या आहेत. चार फासळ्यांचा क्रूस दिसू नये म्हणून पाचवी घातली असं सांगतात, पण मला ती मागाहून जोडलेली कथा वाटते.