अनुभव धागा: वृद्ध शुश्रूषा केंद्रातली देखभाल कशी पारखायची?

धागा काढताना

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हणजे बऱ्याचदा छोटं खाजगी रुग्णालय. इथे तो अर्थ नाही. स्वतःचं स्वतः करता न येणारी वयस्क माणसं जिथे कायम राहतात, त्या शुश्रूषा केंद्रांबद्दल हा धागा आहे. पहिल्या भेटीत स्वागतकक्ष, बाग आणि चकचकीत लाद्या दाखवल्या जातात. त्यापलीकडे काय बघायचं, हे या कामातल्या लोकांनी लिहावं. किस्से नकोत. खूण सांगा, आकडा सांगा, आणि चुकतं ते कशामुळे तेही सांगा.

परिचारिका, वृद्ध विभाग

चालती-बोलती माणसं नंतर बघा. आधी ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांच्या दाराशी थांबा. कुणाचं पांघरूण उचलायचं नाही, लांबून दिसतं तेवढं पुरे. एखादे आजोबा 10 वाजता डाव्या कुशीवर असतील तर साडेबाराला पुन्हा तिथून चक्कर मारा. तेव्हाही त्याच घडीत पडलेले दिसले तर कूस बदलण्याचा तक्ता कितीही सुंदर भरलेला असो, उपयोग नाही. साधारण दोन तासांनी बदल हा जुना नियम आहे. चांगल्या गादीवर आणि धडधाकट त्वचेवर तो थोडा लांबवता येतो, पण तसं ठरवलं असेल तर कारण लिहिलेलं हवं. कुशीवर म्हणजे पूर्ण आडवं नव्हे. पाठीला उशी लावून सुमारे 30 अंशांचा कल द्यायचा, म्हणजे खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी अशी हवी की टाचा अधांतरी राहतील.

आपलं माणूस दाखल झाल्यावर मात्र आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी हजर राहा आणि माकडहाड, टाचा, खुबे, घोट्याची बाहेरची बाजू, कोपर आणि डोक्याची मागची बाजू बघा. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागेही. लालसर जागा बोटाने दाबून सोडा. क्षणभर पांढरी पडली नाही, लालच राहिली, तर तो शय्याव्रणाचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. सावळ्या त्वचेवर लाली कळत नाही. तिथे हाताच्या पाठीने ऊब बघायची, आणि ती जागा शेजारच्यापेक्षा टणक किंवा पिलपिलीत लागते का तेही. लाल जागेवर चोळून मालिश केल्याने आतली इजा वाढते. भोकाची गोल उशी कडेने रक्तपुरवठा दाबते. या दोन्ही गोष्टी दिसल्या तर तिथलं प्रशिक्षण जुनं आहे असं समजा.

‘ब्रेडन किती आहे, शेवटचा कधी काढला?’ हा प्रश्न जरूर विचारा. अशी जखम होण्याचा धोका सांगणारा, सहा बाबींवरून काढलेला हा अंक 6 ते 23 मध्ये असतो. जितका कमी तितका धोका जास्त, 18 किंवा खाली म्हणजे सावध. उत्तर चटकन यायला हवं. जखम असेल तर लांबी, रुंदी, खोली दर आठवड्याला सेंटिमीटरमध्ये लिहिलेली पाहिजे. ‘ड्रेसिंग केले, जखम ठीक’ ही नोंद नव्हे. दोन आठवड्यांत सुधारणेची चिन्हं नसतील तर उपचाराची दिशा बदलायला हवी.

हवेच्या गादीचं एक. पंपाची खूण रुग्णाच्या वजनावर लावायची असते, आणि बहुतेक ठिकाणी ती गादी आली त्या दिवशी होती तिथेच असते. मूळ गादीवर पसरलेल्या हवेच्या गादीखाली, माणसाच्या बुडाच्या बरोबर खाली, तळवा वर करून हात सरकवा. मध्ये अडीच सेंटिमीटरही जाडी लागली नाही तर माणूस हवेवर नाही, खालच्या गादीवरच झोपलाय.

औषधनिर्माता

औषधाच्या तक्त्यावर सही गोळी गिळल्यावर व्हायला हवी. ढकलगाडी निघण्याआधीच सकाळचा रकाना भरलेला दिसला तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

गिळता येत नाही म्हणून सगळ्या गोळ्या एकत्र कुटून भरवणं ही सर्रास चूक आहे. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असेल तर ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी केलेली असते. कुटली की सगळा डोस एकदम पोटात. आम्लापासून जपणारा लेप असलेल्या गोळ्याही कुटायच्या नसतात, लेपच मोडतो. ‘पातळ स्वरूपात मिळते का, हे कुणाला विचारता?’ यावर ठाम उत्तर हवं.

पार्किन्सनचं कुणी तिथे राहत असेल तर त्यावरच्या लेव्होडोपा या मुख्य औषधाची वेळ ही मला सर्वांत चांगली चाचणी वाटते. अर्धा तास उशीर झाला तरी माणूस आखडू शकतो. ती गोळी इतरांच्या फेरीबरोबर ‘सकाळी’ मिळते की ठरल्या मिनिटाला, यावरून ते केंद्र माणूस बघतं की फेरी बघतं ते कळतं. इन्सुलिनचा फ्रिज 2 ते 8 अंशांत हवा. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख हवी, कारण बहुतेक प्रकार त्यानंतर सुमारे 28 दिवसच वापरायचे असतात. आणि इन्सुलिन टोचल्यावर ताट खरंच वेळेत येतं का?

शेवटचं, झोपाळू औषधं. क्वेटियापीन, रिस्पेरिडोन, ओलान्झापीन ही डिमेन्शियाच्या वृद्धांना दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2005 साली दिला. 2008 मध्ये तो हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू केला. कधीकधी ती लागतातच. पण कशासाठी सुरू केली, किती दिवसांसाठी आणि डोस कमी करून शेवटचं कधी पाहिलं, या तिन्हींची नोंद हवी.

आहारतज्ज्ञ

जेवणाच्या वेळी जा, आधी न कळवता. ताट वाढलेलं बघू नका, उचललेलं बघा. किती उरलं होतं आणि ते कुणी लिहिलं का? भरवणारी व्यक्ती उभी राहून भरवत असेल तर खाणाऱ्याची मान वर होते आणि घास श्वासनलिकेकडे जायचा धोका वाढतो. बसून, डोळ्यांच्या पातळीवर, एका वेळी एक छोटा चमचा, आणि आधीचा गिळल्याची खात्री करून पुढचा. याला सहज वीस-तीस मिनिटं लागतात. एक मदतनीस चौघांना अर्ध्या तासात भरवत असेल तर गणित तुम्हीच करा.

वजन महिन्यातून एकदा तरी, त्याच काट्यावर. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के घट झाली तर तपास व्हायलाच हवा. 50 किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो. पायांवर सूज असेल तर पाण्याचं वजन ही घट झाकून टाकतं, म्हणून आकड्याबरोबर दंड आणि गालही बघा.

पाणी साधारण किलोमागे 30 मिली. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टर सांगतील तेवढंच. नोंदीत दिवसभर 200, 200, 200 असे गुळगुळीत आकडे दिसले तर शंका घ्या, खऱ्या माणसाने 70 मिली पिऊन पेला सारलेला असतो. पक्षाघात झालेल्यांचा पेला चालत्या हाताच्या बाजूला आहे का ते पाहा. दुसऱ्या बाजूला ठेवलेला पेला संध्याकाळपर्यंत भरलेलाच राहतो.

गिळण्याच्या त्रासासाठी द्रव घट्ट करून देत असतील तर आयडीडीएसआयची (अन्न आणि द्रव किती घट्ट, याचं आंतरराष्ट्रीय माप) पातळी विचारा, एकूण 0 ते 7 आणि द्रवांसाठी 0 ते 4 असते. मोजायला 10 मिलीची सिरिंज पुरते (त्या चाचणीला चालणाऱ्या मापाचीच). सिरिंज भरायची, 10 सेकंद वाहू द्यायची आणि उरलेलं बघायचं. 1 ते 4 मिली उरलं तर पातळी 1, 4 ते 8 मिली तर पातळी 2. अंदाजाने पावडर टाकली की सकाळी पाणी आणि दुपारी खळ. स्टार्चची पावडर तर ठेवल्याठेवल्या आणखी घट्ट होत जाते. जेवताना ताठ बसवायचं आणि नंतर निदान अर्धा तास तसंच. नाकातल्या नळीने देत असतील तर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश.

परिचारिका, वृद्ध विभाग

वरच्या 45 अंशांबद्दल थोडं. नळीसाठी ते बरोबर, पण तसंच तासन्‌तास ठेवलं तर माणूस खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड सरकतं आणि माकडहाडाशी ऊतक फाटतं. म्हणून आधी गुडघ्यांकडचा भाग उचलायचा, मग डोक्याकडचा. फीड संपून ठरलेला वेळ गेला की पुन्हा 30 वर. आहारतज्ज्ञ आणि परिचारिका एकमेकींशी बोलतात का, हे याच एका गोष्टीवरून कळतं.

फिजिओथेरपिस्ट

माणूस उठवताना काखेत हात घालून ओढत असतील तर ते केंद्र सोडा. खांदा निखळायला तेवढं पुरतं. उचलायचं यंत्र असेल तर दोघांनी वापरायचं, आणि झोळी त्या माणसाच्या मापाची हवी.

चाकाची खुर्ची हे वाहन आहे, बैठक नव्हे. जेवणाच्या टेबलाशी किती जण साध्या खुर्चीत आहेत ते मोजा. आधार देऊन वीस पावलं चालू शकणाऱ्याला वेळ वाचावा म्हणून ढकलत नेलं, तर थोड्याच आठवड्यांत तो खरंच चालेनासा होतो आणि मग कागदावर ‘वयोमानानुसार’ लिहिलं जातं.

पलंगाचे कठडे सुरक्षित वाटतात. गोंधळलेला माणूस ते ओलांडू बघतो आणि जास्त उंचीवरून पडतो. कठडा आणि गादीच्या फटीत मान अडकण्याचा धोकाही असतो. अशांसाठी जमिनीलगत येणारा पलंग आणि शेजारी चटई बरी. पडण्याचा इतिहास असेल तर झोपून आणि मग उभं करून तीन मिनिटांत रक्तदाब घेतला का, विचारा. वरचा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर कारण तिथेच सापडतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर डॉक्टर लगेच. सकाळी नाही.

रात्रपाळीचा मदतनीस

न्हाणीघरातली घंटेची दोरी बघा. फरशी पुसताना भिजू नये म्हणून ती वर गुंडाळून बांधलेली असते. पडलेल्या माणसाचा हात पोचणार कसा? ती जमिनीपर्यंत लोंबलेली हवी. परवानगी घेऊन एकदा ओढा आणि घड्याळ लावा.

विचारायचा प्रश्न: रात्री 2 वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात? उत्तर ‘एक’ असेल आणि मजल्यावर यंत्राने उचलावं लागणारं कुणी असेल, तर ते काम एकटा करतो किंवा होतच नाही. तिसरा पर्याय नसतो.

सकाळी पॅड बदलताना एकावर एक दोन निघाले, तर रात्रीची एक फेरी वाचवलेली असते. वरचा ओला थर कातडीला लागूनच राहतो, आणि हवेच्या गादीवर जाड थर घातला की गादीचा फायदाही संपतो. वास कधीतरी येणारच, माणसं आहेत. एका खोलीत तात्पुरता आला तर ठीक. सगळ्या मार्गिकेत मुरलेला, किंवा त्यावर मारलेला सुगंधी फवारा, हे वाईट.

डिमेन्शिया विभागातून

‘आमच्याकडे सगळे शांत असतात’ हे वाक्य काळजीचं. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं श्वास, आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजावल्यावर शांत होतो का, या पाचांवरून मोजतात. प्रत्येकी 0 ते 2, एकूण 10, नाव पेनॅड. ते कूस बदलताना किंवा आंघोळीत मोजायचं. निवांत पडलेल्याचं मोजून शून्य लिहिणं सोपं असतं.

दोन दिवसांत माणूस एकदम बदलला, बडबडायला लागला किंवा उलट गप्प-झोपाळू झाला, तर तो आजार वाढला असं नाही. संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ किंवा नवीन औषध आधी शोधायचं. शौचाची नोंद रोजची हवी आणि तीन दिवस कोरे गेले तर काहीतरी केलेलं दिसायला हवं. घट्ट शौचाचा खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ झिरपतं, त्याला जुलाब समजून थांबवायची गोळी दिली जाते आणि अवघड होऊन बसतं.

प्रशासनाची बाजू पाहिलेलं कुणी

करारात तीनच गोष्टी आधी वाचा: रुग्णालयात हलवल्यास जागा किती दिवस राखतात, गरज वाढल्यावर ठेवून घेतात की न्यायला सांगतात, आणि पडल्यावर किती तासांत कुणाला फोन. तक्रारवही मागा. कोरी असेल तर लोक तक्रार करायला घाबरतात, किंवा वही कालच आणली आहे.

दंतवैद्य

कवळी रात्री काढून धुऊन ठेवलेली हवी, डबीवर नाव हवं. घाणेरडं तोंड म्हणजे उद्याचा न्यूमोनिया, आणि हे काम सर्वांत आधी गाळलं जातं. संध्याकाळच्या भेटीत, तोंड धुऊन झालं असं सांगितल्यावर, दात घासायचा ब्रश बोटाने चाचपून बघा. ओला आहे का?