डीएमचा शब्द आणि टेबलावरचा न्याय : आपले अनुभव

कागद, पेन्सिल आणि बहुकोनी फासे घेऊन खेळायच्या टेबलटॉप आरपीजीमध्ये (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्र होऊन खेळायचा खेळ) एक माणूस इतरांपेक्षा वेगळा असतो. बाकीचे खेळाडू प्रत्येकी एक पात्र चालवतात आणि तो उरलेले सगळे जग चालवतो : राक्षस, राजे, पाऊस, खानावळीचा मालक, दाराचे कुलूप. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये त्याला डीएम (डंजन मास्टर) म्हणतात, 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये कीपर. नियम कुठे अपुरा पडला तर निर्णय त्याचा, आणि नियम बाजूला ठेवायचा की नाही हाही निर्णय त्याचाच. क्रिकेटच्या पंचाकडे एवढी सत्ता नसते, शिवाय पंच स्वतः गोलंदाजी करत नाही. इथे मात्र तुमच्यावर तलवार उगारणारा आणि ती लागली की नाही हे ठरवणारा एकाच खुर्चीत बसलेला असतो.

डीएमचा कोणता निर्णय तुम्हाला न्याय्य वाटला, कोणता अन्यायाचा वाटला, आणि तो फरक नेमका कशामुळे पडला, हे सांगण्याची विनंती मी काही खेळाडूंना आणि डीएमना केली होती. 'आमचा डीएम पक्षपाती होता' एवढ्यावर न थांबता प्रसंग आणि नियम दोन्ही सांगावेत, ही एकच अट होती. आलेले अनुभव खाली देत आहे. आपलेही जरूर लिहावेत.

एक खेळाडू, पुणे

माझी धर्मयोद्धी स्मशानातल्या लढाईत शून्य हिट पॉइंटवर (म्हणजे इजा सोसण्याची ताकद संपून) बेशुद्ध पडली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार अशा पात्राने आपल्या प्रत्येक पाळीला एक डेथ सेव्ह टाकायचा असतो. वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा अधिक आले तर एक यश, कमी आले तर एक अपयश. तीन यशे मिळाली तर प्रकृती स्थिरावते आणि तीन अपयशे आली तर मृत्यू. माझे एक अपयश झाले होते, आणि आमचा वैद्य पुढच्याच पाळीला माझ्यापर्यंत पोहोचणार होता.

मध्ये घूलची पाळी आली. घूल म्हणजे प्रेते खाणारे भूत. त्याच्यासमोर दोन धडधाकट योद्धे उभे होते, पण डीएमने त्याला माझ्याकडे वळवले. बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून केलेला वार लागला की तो आपोआप क्रिटिकल, म्हणजे जबर वार, ठरतो, आणि पडलेल्या पात्राला क्रिटिकल लागला की एकदम दोन अपयशे मोजली जातात. वार लागला. एक आणि दोन, तीन. वर्षभर सांभाळलेले पात्र संपले.

टेबलावर भांडण झाले. 'पडलेल्याला मारायचे नाही' हा संकेत बहुतेक टेबलांवर न बोलता पाळला जातो, आणि डीएमने तो मोडला, असे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. गंमत अशी की पात्र माझे गेले होते आणि डीएमची बाजू मीच घेत होते. स्मशानात शिरण्यापूर्वी आम्हाला अर्धवट खाल्लेल्या पहारेकऱ्याचे प्रेत दिसले होते. शेजारी दोन पहारेकरी मान मोडून मेले होते आणि त्यांना कुणी तोंडही लावलेले नव्हते. गावच्या गुरवाने सांगितले होते की ही भुते लढाई संपण्याची वाट पाहत नाहीत, कोणी खाली पडला की आधी त्याच्याकडे जातात. म्हणजे हा निर्णय घूलच्या पाळीला घेतलेला नव्हता, तो आधीच्या सत्रातच घेतला गेला होता आणि आम्हाला दोनदा सांगितलाही गेला होता. हेच गुरवाचे बोलणे नसते आणि घूल माझ्याकडे वळले असते, तर नियमाचे एकही कलम मोडलेले नसूनही मी तो डाव सोडून उठले असते.

एक डीएम, मुंबई

वरील अनुभव वाचला. त्या डीएमचे धैर्य मान्य करूनही मी असे करणार नाही. माझ्या टेबलावरचे लोक आठवडाभर नोकरी करून, लोकल पकडून, शनिवारची एक संध्याकाळ माझ्याकडे सोपवतात. पडद्याआड टाकलेला फासा मला सलग तिसरा क्रिटिकल दाखवू लागला आणि त्यामुळे एखाद्याची संध्याकाळ सहाव्या मिनिटाला संपणार असेल, तर मी तो साधा वार म्हणून वाचतो. याला लबाडी म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्या खोलीत चार राक्षस ठेवायचे की सहा, हेही मीच ठरवलेले असते. चारचे सहा करणे न्याय्य आणि १९ चे १४ करणे अन्याय्य, हा भेद मला आजवर कोणी समाधानकारक रीतीने समजावून दिलेला नाही.

एक पथ्य मात्र मी पाळतो. बदल केला तर तो खेळाडूंच्या बाजूनेच करायचा, आणि तो केल्याचे कधीही सांगायचे नाही.

एक खेळाडू, नेदरलँड्स

आमच्या टेबलावर तीन भारतीय, दोन डच आणि एक पोलिश खेळाडू आहेत. मागच्या डीएमने पहिल्याच दिवशी घरचा, म्हणजे फक्त आमच्या टेबलापुरता, नियम जाहीर केला : हल्ल्याच्या फाशावर १ आला की फजिती, म्हणजे शस्त्र हातातून निसटेल किंवा वार मित्राला लागेल. नियम आधी सांगितलेला होता आणि सर्वांना सारखाच लागू होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही असे सर्वांनाच वाटले.

मी फायटर, म्हणजे शस्त्राने लढणारा योद्धा, खेळतो. फायटरला पाचव्या पातळीला एका पाळीत दोन आणि अकराव्या पातळीला तीन वार मिळतात. एका फाशावर १ येण्याची शक्यता ५ टक्के असते, पण तीन फाशांपैकी किमान एकावर १ येण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या वर जाते. माझा योद्धा जितका निष्णात होत गेला, तितक्या अधिक वेळा तो स्वतःच्या पायावर तलवार पाडू लागला. शेजारच्या जादूगाराचे बहुतेक मंत्र असे, की फासा शत्रूने टाकायचा, आणि त्यामुळे त्याची फजिती होण्याचा प्रश्नच नव्हता. मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. डीएमने तो नीट वाचला, बरोबर असल्याचे मान्य केले आणि नियम तसाच ठेवला, कारण फजितीच्या प्रसंगांना सगळे हसतात. सगळे हसत होते हे खरे आहे.

मुंबईच्या डीएमशी मी सहमत नाही, पण पुण्याच्या ताईंशीही पूर्ण सहमत होणे मला जड जाते. आधी सांगितलेला नियमही अन्याय्य असू शकतो.

एक डीएम, कोल्हापूर

थोडक्यात लिहितो. खेळाडूने राजाला सांगितले, 'तुझे राज्य मला दे', फासा टाकला आणि २० आले. नियमाप्रमाणे २० वर आपोआप यश मिळते ते हल्ल्याच्या फाशाला, मन वळवण्याच्या फाशाला नव्हे. परंतु हे फासा पडल्यावर सांगणारा डीएम हरलाच म्हणायचा. ज्या गोष्टीत कोणत्याही आकड्याने यश येणार नाही, तिथे फासा टाकूच देऊ नये.

एका डीएमचे पती, ठाणे

आमच्याकडे डीएम माझी पत्नी आहे. नव्या खेळाडूंना पहिली शंका येते ती माझ्यावर मेहेरनजर होत असेल अशी. ज्यांची आई त्यांच्याच वर्गाला शिकवत होती, अशा वाचकांना खरी परिस्थिती वेगळी सांगायला नको. जादूची तलवार सापडली तर ती माझ्या पात्राला न पेलणारी असते. नियमाचा अर्थ दोन प्रकारे लागत असेल, तर माझ्या बाबतीत कडक अर्थ लागतो. मी हे एकदा बोलून दाखवले, तेव्हा तिने दिलेले उत्तर मला पटले नाही, पण विसरताही आले नाही. ती म्हणाली की मी न्यायाने वागते एवढे पुरेसे नाही, टेबलावरच्या चार परक्या माणसांना ते दिसलेही पाहिजे, आणि त्याची किंमत द्यायला तिच्याकडे माझ्याशिवाय दुसरे कोणी नाही. आता आम्ही एक तोडगा काढला आहे. माझ्या पात्रासंबंधीचा वादग्रस्त निर्णय बाकीचे खेळाडू देतात. ते तिच्यापेक्षा बरेच उदार निघाले.

एक वाचक, नागपूर

मी खेळतो कमी आणि या खेळांचा इतिहास अधिक वाचतो, म्हणून थोडी भर घालतो. ही सत्ता मुळात लष्करी पंचाची आहे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात फासे होते, तक्ते होते आणि दोन्ही बाजूंना कोणती माहिती द्यायची हे ठरवणारा पंच होता. पुढे नियम इतके साचले की खेळ रखडू लागला, आणि १८७६ मध्ये प्रशियाचेच अधिकारी व्हर्दी दु व्हर्नुआ यांनी उलट टोक गाठले. तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी अधिकाऱ्याला पंच करा, आणि तो सांगेल तो निकाल, अशी त्यांची भूमिका होती. अमेरिकन लष्करातील टॉटन यांच्या १८८० च्या 'स्ट्रॅटेगोस' या युद्धखेळाच्या पुस्तकात हीच कल्पना होती की खेळाडू काहीही करू पाहू शकतो आणि त्याचे फळ पंच ठरवतो. ते पुस्तक १९६० च्या दशकात मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली यांच्या हाती लागले आणि त्यातून त्यांनी 'ब्राउनस्टाइन' हा खेळ रचला. तो खेळलेल्या डेव्ह आर्नेसन यांनी आपले 'ब्लॅकमूर' हे काल्पनिक खेळजग उभे केले, आणि आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांचे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये बाजारात आले.

यातला एक धागा इथल्या चर्चेला लागू पडतो. व्हर्दींच्या पंचाचा शब्द चाले, कारण तो प्रत्यक्ष रणांगण पाहिलेला माणूस असे. ड्रॅगन प्रत्यक्ष कोणीच पाहिलेला नाही. म्हणून आपल्या डीएमला ते जुने अधिष्ठान मिळत नाही आणि त्याला दुसरे शोधावे लागते.

एक मावशी, सातारा

मे महिन्याच्या सुट्टीत मी भाचेमंडळींसाठी डीएम होते. सर्वात मोठा बारा वर्षांचा, सर्वात धाकटी आठची. धाकटीला बारा फुटांची दरी ओलांडून उडी मारायची होती. मी तिला फासा टाकायला सांगितला, तेव्हा मुठीत फासा घट्ट धरून ती म्हणाली, 'मावशी, आधी आकडा सांग.' मी १५ सांगितले. मग मोठ्या भाच्याने विचारले, 'आणि पडली तर मरेल का?' मी सांगितले की मरणार नाही, कडेला लोंबकळेल आणि तिची पिशवी खाली पडेल. दोघांनी पिशवीत काय आहे ते तपासले, आपसात कुजबुज केली, आणि मगच फासा पडला. ९ आला. पिशवी गेली. एरवी सापशिडीत हरल्यावर पट उधळणारी ही मुलगी एक शब्द बोलली नाही.

एक खेळाडू, बेंगळुरू

डीएमची सत्ता कमी करायची असेल तर तसे रचलेले खेळच खेळावेत, असे मला वाटत असे. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० च्या खेळात खेळ चालवणारा स्वतः फासाच टाकत नाही. खेळाडू दोन साधे फासे टाकतो आणि त्यात पात्राच्या गुणाचा आकडा मिळवतो : बेरीज १० किंवा अधिक आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होते पण काहीतरी मोजावे लागते, आणि ६ किंवा कमी आली तर चालवणाऱ्याची पाळी येते. त्याने काय करावे याची तत्त्वेही पुस्तकात दिलेली आहेत, आणि ती सल्ला म्हणून नव्हे तर त्याच्यावर बंधनकारक नियम म्हणून दिलेली आहेत. मुंबईच्या डीएमचा पडद्याआडचा १९ इथे उद्भवतच नाही.

वर्षभर खेळल्यावर लक्षात आले की सत्ता कमी झाली नाही, तिने फक्त जागा बदलली. ६ आल्यावर माझी गाडी बंद पडणार की माझी बहीण पळवली जाणार, हे अजूनही एकच माणूस ठरवतो, आणि दोन्ही नियमात बसते. आमच्या टेबलावर सध्या वाद त्याच जागी अडला आहे. साताऱ्याच्या मावशींसारखा परिणाम आधीच सांगावा, असे मी आणि आणखी एक जण म्हणतो. उरलेल्या दोघांच्या मते ६ आल्यानंतर पुढे काय होणार हे ठाऊक नसते, म्हणून तर फासा टाकताना हात थांबतो, आणि तेच आधी सांगून टाकले तर खेळण्यासारखे फारसे उरत नाही. खेळ चालवणाऱ्याने अजून निर्णय दिलेला नाही. तो देण्याचा अधिकार त्याचा आहे की आम्हा चौघांचा, यावरही एकमत नाही.