अनुभव धागा: तुमच्या वसाहतीचे मैदान पुन्हा खेळते कसे झाले?

मैदानासमोरचे घर (धागाकर्ती)
परवा आमच्या ओपन स्पेसमध्ये नवा झोपाळा बसवण्यासाठी खड्डा खणताना जुन्या गट्टूंचा (फरसबंदीच्या सिमेंटच्या ठोकळ्यांचा) थर लागला आणि मागचे 'सुशोभीकरण' आठवले, म्हणून हा धागा काढते आहे. त्या वेळी मातीवर सरसकट गट्टू बसले, मधोमध कारंजे आले, कडेने चालण्याची वाट झाली आणि फाटकाला कुलूप लागले. मुले मात्र रस्त्यावर गेली, कारण पळायला जागा उरली नव्हती आणि पडल्यावर गुडघा फुटत होता. कोणी कोणाला काही विचारले नव्हते.

या खेपेस रविवारी सकाळी बैठक ठेवली, तर नेहमीचीच निवृत्त मंडळी आली आणि वाट रुंद करण्याचा ठराव करून गेली. धुणीभांडी करणाऱ्या बायका कामावर होत्या आणि मुले शिकवणीला. तेव्हा गल्लीतल्या क्रीडाशिक्षकांनी सुचवले की कागदावरचा नकाशा कोणाला कळत नाही, त्यापेक्षा जागेवरच फक्कीने (मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीने) खऱ्या मापात आखणी करावी. झोपाळा, घसरगुंडी, वाळूचा हौद, बाक, सगळे जमिनीवर आखले आणि तसेच ठेवले. संध्याकाळी मुले त्या रेघांत उभी राहून भांडू लागली. एक मुलगी म्हणाली, "काकू, इथं झोका आला तर आमची लंगडी कुठं?" तिने पायाने रेघ पुसली आणि झोपाळा कोपऱ्यात सरकला. इतके स्पष्ट मत कोणत्याही बैठकीत ऐकले नव्हते. तुमच्याकडे काय घडले ते कृपया लिहावे.

नांदेडचे आजोबा
निवृत्त मंडळींवर एवढा रोष नसावा, ही नम्र विनंती. आम्हालाही पाय मोकळे करायला दुसरी जागा नाही. आमच्याकडे पहाटे चालणारे आणि संध्याकाळी खेळणारे, अशी वेळेची वाटणी परस्पर समजुतीने झाली असून त्यासाठी एक रुपयाही खर्च झाला नाही.

लातूरची सून
आमच्याकडे पहिला प्रस्ताव हिरवळीचा होता. ज्या शहराला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हिरवळ कोण जगवणार, असा प्रश्न सासूबाईंनी उभे राहून विचारला आणि विषय तिथेच संपला. त्याऐवजी कडुनिंब आणि करंज लावले. दुसरा मुद्दा घसरगुंडीचा. ती पत्र्याची होती आणि उतार नैर्ऋत्येला, त्यामुळे मार्चपासूनच मुले "लई चटका बसतो" म्हणून तिकडे फिरकत नसत. उतार उत्तरेकडे फिरवला आणि पश्चिमेला झाड धरले, एवढ्याने फरक पडला. घाईत लिहिते आहे, भाकरी तव्यावर आहे.

गोटीबहाद्दर
आमच्या उद्यानातले कारंजे उद्घाटनाच्या दिवशी टँकरच्या पाण्यावर उडाले होते. त्यानंतर त्या कोरड्या हौदात गोट्यांचा डाव फार छान रंगतो, कारण गोटी बाहेर जात नाही. त्यामुळे कारंज्यांना सरसकट विरोध करू नये.

परभणीहून, बांधकाम पर्यवेक्षक
लोकांचे मत जितके महत्त्वाचे तितकीच जमीनही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वरवर रोवलेले खांब काही वर्षांत कलतात. पाया मातीखालच्या मुरुमापर्यंत नेला पाहिजे. लोखंडावर जस्ताचा थर असला तरी जागेवर वेल्डिंग केले की सांध्यावरचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. झोपाळ्याच्या पुढे व मागे, त्याच्या आडव्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळे हवे. खाली गट्टू किंवा काँक्रीट कदापि नको. सुमारे 30 सेंटीमीटर खोल वाळू असली तर पडलेले मूल रडते आणि पुन्हा झोक्यावर बसते. ठेकेदार गट्टूंचाच आग्रह धरतात, कारण त्यांचे मोजमाप चौरस मीटरमध्ये होऊन देयक सहज निघते. वाळूचे तसे नसते.

किल्लारी परिसरातून
आमचा अनुभव उलटा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर पुनर्वसित गावे वसली, त्यांत रस्ते रुंद आणि मोकळ्या जागा भरपूर होत्या. तरीही आम्ही मुले त्या जागांवर फारशी खेळलो नाही. जुन्या गावात पारावर कोणीतरी बसलेले असे, ओट्यावरून आईची हाक ऐकू येई. नव्या गावात घरे दूरदूर आणि मैदानावर कोणाचीच नजर नाही. पुढे गावकऱ्यांनी शाळेजवळच्या लहानशा तुकड्यात पार बांधला, म्हाताऱ्यांची बैठक तिथे हलली आणि त्यांच्या मागोमाग मुले आली. मोठे मैदान अजूनही ओसाडच आहे.

माहेर बीड
सगळे मुलांविषयीच लिहीत आहेत, म्हणून थोडे वेगळे. आमच्या माहेरच्या वाडीत कडुनिंबाच्या झाडाला नागपंचमीला दोर बांधून झोके घेत असू आणि सासुरवाशिणी त्यासाठी वर्षभर वाट पाहत. आता शहरातल्या बागेत झोपाळ्यावर पाटी असते की फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी. ते योग्यही आहे. परंतु आमच्या गल्लीत बायकांना वेगळे विचारले तेव्हा पहिली मागणी आली ती मोठ्यांचे वजन पेलणारा एक झोका हवा, आणि दुसरी संध्याकाळी दिवा हवा. कोणत्याही बैठकीत या मागण्या पुरुषांसमोर आल्या नसत्या.

लातूरची सून
माहेर बीड, लिंबाच्या झोक्याची आठवण काढलीत आणि मन भरून आले. पंचमीला तुमच्याकडे पुरणाची दिंडं असतात का?

माहेर बीड
असतात, आणि त्यावर तूप हातचे न राखता. त्या दिवशी चिरायचे, तळायचे नसते, म्हणून सगळे उकडलेले.

खो-खो खेळाडू, जालना
दिंडांवरून मैदानावर यावे ही विनंती. क्रीडाप्रेमी नेते पूर्ण मापाच्या मैदानाची घोषणा करतात, पण खो-खोला मोठ्या गटासाठी 27 बाय 16 मीटर आणि भोवती मोकळी पट्टी लागते, ती वसाहतीच्या ओपन स्पेसमध्ये सहसा मावत नाही. मुलांना मापाशी देणेघेणे नसते. त्यांना दोन खांब आणि मऊ माती हवी. आणखी एक गोष्ट अनुभवातून सांगतो. काही सुचवण्यापूर्वी जागेचा मंजूर नकाशा पाहावा. ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीच्या भूखंडांच्या आखणीत, सोडलेली खुली जागा वेगळी आणि 1966 च्या नगररचना अधिनियमाखालील विकास आराखड्यात खेळाचे मैदान म्हणून आरक्षित केलेली जागा वेगळी. कोणाकडे अर्ज करायचा, तेही यावरूनच ठरते.

मैदानासमोरचे घर (धागाकर्ती)
सर्वांचे आभार. वाळूत कुत्री-मांजरी घाण करतात, याविषयी दोघांनी निरोपातून विचारले आहे. आम्ही रात्री हौदावर जाळी टाकतो, सकाळी पहिला येईल तो काढतो, आणि वाळू अधूनमधून उपसून उन्हात वाळवतो. साखळीची कडी पावसाळ्यापूर्वी तपासण्याचे काम गणेश मंडळाच्या मुलांनी घेतले आहे, त्या मोबदल्यात मांडव मैदानाच्या कडेला टाकायचा आणि खड्डे त्यांनीच बुजवायचे असे ठरले आहे. मोठ्यांच्या झोक्याची कल्पना मी आजच शेजारणींपुढे मांडते. पर्यवेक्षक साहेब, त्यासाठी कडी आणि दांडा किती जाडीचा घ्यावा, तेवढे मात्र सांगावे.