फँटसी अमेरिकन फुटबॉलच्या डायनॅस्टी लीगमध्ये (जिथे खेळाडू वर्षानुवर्षे आपल्या संघात राहतात आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतील कामगिरीवर गुण मिळतात) सी. जे. स्ट्राउडला ठेवावे की सोडावे?

प्रश्न: आमच्या बारा संघांच्या सुपरफ्लेक्स लीगमध्ये (म्हणजे जिथे दोन क्वार्टरबॅक खेळवता येतात) माझ्याकडे ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, स्ट्राउड आहे. २०२३ च्या पदार्पणात त्याने ४,१०८ यार्ड फेकले आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेकी) केवळ ५ दिले. २०२४ मध्ये हे आकडे ३,७२७ आणि १२ झाले. ड्राफ्टमधील (नव्या खेळाडूंच्या निवडप्रक्रियेतील) पहिल्या फेरीच्या दोन निवडींच्या बदल्यात त्याला सोडणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद: माझ्या मते खरी अडचण इंटरसेप्शनची नसून धावण्याची आहे. प्रचलित गुणपद्धतीत फेकीच्या २५ यार्डांना एक गुण मिळतो, तर धावेच्या १० यार्डांनाच तो मिळतो. शिवाय फेकीच्या टचडाऊनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात पोहोचवण्याला) बहुधा ४ आणि धावेच्या टचडाऊनला ६ गुण असतात. म्हणजे सामन्यामागे ४० यार्ड धावणारा क्वार्टरबॅक फेकीच्या १०० यार्डांइतके गुण आधीच खिशात घालतो. जॉश ॲलन किंवा लमार जॅक्सन या धावणाऱ्या क्वार्टरबॅकांचा भाव त्यामुळेच टिकून आहे. स्ट्राउडने पहिल्या वर्षी संपूर्ण मोसमात १६७ यार्डच धाव घेतली.

प्रतिसाद: गणित मान्य, निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. २०२४ मध्ये ह्यूस्टनची ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी फळी) इतकी कमकुवत होती की त्याला ५२ वेळा सॅक व्हावे लागले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच तो पाडला गेला, आणि हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. शिवाय बारा संघांनी प्रत्येकी दोन क्वार्टरबॅक खेळवले, तर एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) ३२ संघांच्या मुख्य क्वार्टरबॅकांपैकी २४ त्यातच संपतात. मग ड्राफ्टमधील अनिश्चित निवडींतून बदली खेळाडू कुठून मिळणार? (निवडी कागदावर नेहमीच देखण्या दिसतात.)

प्रतिसाद: तुमचा संघ यंदा विजेतेपदाच्या शर्यतीत असेल, तर त्याला ठेवा. नव्याने बांधणी करत असाल, तर दोन निवडींसोबत एखादा तरुण, धावणारा क्वार्टरबॅकही मागा.