मदत हवी आहे: मनवर उतरलो, पण सायन्स ज्युनियर निकामी

मंडळी, 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'मध्ये अडकलोय. पहिला भाग, सायन्स मोड (प्रयोग करून गुण मिळवायचे), मॉड एकही नाही. (मन म्हणजे या खेळातला चंद्र. नाहीतर शीर्षक वाचून कुणीतरी मला ध्यानधारणा सुचवेल.)

यानावर प्रयोगाची तीन उपकरणं: एक मटेरियल्स बे, म्हणजे सायन्स ज्युनियर, आणि दोन मिस्टरी गू. आत एकटा अंतराळवीर, जेब. मनपासून ६० किमीच्या वर असतानाच उत्साहाच्या भरात बे आणि एक गू उघडले. बेच्या खिडकीत गुणांचे दोन आकडे दिसले: परत आणल्यास ५०, अँटेनाने पाठवल्यास १७.५. परत पोचू याची खात्री कुणाला, म्हणून दोन्ही पाठवून टाकले. उपकरण निकामी होईल असा इशारा आला होता, तो सवयीने न वाचताच बंद केला.

आता उतरलोय, तेही पाय न मोडता! इथे बेचा तोच प्रयोग १०० गुणांचा, आणि राइट-क्लिक केलं तर प्रयोगाचं बटणच नाही. जेबला बाहेर काढून बेजवळ उभं केलं, तरी काही पर्याय दिसत नाही. डेल्टा-व्ही (उरलेल्या इंधनात वेग किती बदलता येईल तो आकडा) जेमतेम ९०० मी/से उरलाय. बे पुन्हा सुरू होईल का? आणि उरलेल्या गूचं काय करू? डीकपलर (यानाचे भाग सुटे करणारा जोड) कॅप्सूलच्या लगेच खाली आहे, बे आणि गू त्याच्याही खाली.

प्रतिसाद १
जेब पायलट आहे, त्याच्याने होणार नाही. बे आणि गू पूर्ववत करायला सायंटिस्ट लागतो, म्हणजे बॉब. अगदी नवशिक्या बॉबही चालतो. थर्मामीटर पुन्हा पुन्हा वापरता येतो, हे दोन नाही.

गू आत्ताच वापर, पण पाठवू नकोस. परत आणलास तर ४०, पाठवलास तर १२. आणि डीकपलर वर आहे म्हणतोस, म्हणजे परतताना गू कॅप्सूलपासून सुटून वाटेतच जळणार. जेबला बाहेर काढ, गूमधून डेटा घे आणि कॅप्सूलमध्ये परत बसव. डेटा त्याच्याबरोबर आत जातो. पृष्ठभागाचा नमुना आणि इव्हीए रिपोर्टही (यानाबाहेर असताना दिलेला अहवाल) घे, मग थेट घरी. ९०० मध्ये कर्बिन, म्हणजे खेळातली पृथ्वी, गाठशील, पण इकडे तिकडे उड्या मारू नकोस.

धागाकर्ता
डीकपलरचं लक्षातच नव्हतं, वाचवलंत! नमुन्यासह निघालो. पुढच्या वेळी बॉबला एकट्यालाच पाठवू का? कॅप्सूल एकाच माणसाची आहे.

प्रतिसाद २
पाठव, पण पायलट नसेल तर एसएएस (यान आपोआप स्थिर धरणारी यंत्रणा) मिळणार नाही आणि उतरताना यान गिरक्या घेईल. ऑक्टो प्रोब कोअर (माणसाशिवाय यान चालवणारा भाग) बसव. स्टेपुटनिक हा दुसरा कोअर नको, त्यात एसएएस नाही.