मदत हवी आहे : एकाच वाक्यात ‘मराठी’चा एम मोठा आणि ‘मॅथेमॅटिक्स’चा लहान?

नमस्कार,

मी माध्यमिक शाळेत मराठी आणि गणित हे दोन विषय शिकवतो. सध्या नोकरीसाठी इंग्रजीतून एक अर्ज लिहीत असून त्यातील एका साध्या वाक्यावर दोन दिवस अडलो आहे. ‘मी आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी व गणित शिकवतो’ एवढेच ते वाक्य. मी दोन्ही विषयांचा एम कॅपिटल लिहिला होता. माझ्या मुलीने अर्ज वाचताना ‘मॅथेमॅटिक्स’चा एम लहान केला आणि ‘मराठी’चा तसाच ठेवला. कारण विचारले, तर ‘असंच असतं, बाबा’ यापलीकडे तिला काही सांगता आले नाही.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. तेव्हा चारही लिपी गिरवून घेतल्या आणि वाक्याचा आरंभ व विशेषनाम मोठ्या अक्षराने लिहावे, एवढे सांगितले. विषयाचे नाव हे विशेषनाम की सामान्यनाम, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही, कारण देवनागरीत लहानमोठे अक्षर नसतेच. दहावीच्या गुणपत्रिकेत सारेच विषय संपूर्ण कॅपिटलमध्ये छापलेले आहेत. संगणकावर ‘इंग्लिश’ लहान ई-ने लिहिले की लाल रेघ उमटते, ‘मॅथेमॅटिक्स’ला मात्र दोन्ही रूपे चालतात, त्यामुळे तिकडूनही उलगडा होत नाही.

शिवाय ‘इंडियन हिस्टरी’चे काय करावे? आणि ‘गणित विभाग’ इंग्रजीत लिहिताना एम कसा ठेवावा? जाणकारांनी कृपया कारणासह सांगावे.

प्रतिसाद :

सर, मुलीचे बरोबर आहे. इंग्रजीत भाषेचे नाव हे विशेषनाम मानतात, म्हणून मराठी, संस्कृत, इंग्लिश यांचे पहिले अक्षर वाक्यात कुठेही मोठेच राहते, मग ती भाषा शाळेत विषय म्हणून शिकवली जात असो वा नसो. गणित, इतिहास, भूगोल ही ज्ञानशाखांची सामान्यनामे आहेत, म्हणून ती लहान अक्षराने. ‘इंडियन हिस्टरी’त देशावरून आलेल्या विशेषणाचा आय मोठा आणि एच लहान. ‘डिपार्टमेंट ऑफ मॅथेमॅटिक्स’ हे मात्र एका ठरावीक विभागाचे नाव असल्याने तिथे तोच एम मोठा होतो. अभ्यासक्रमाच्या छापील शीर्षकालाही हेच लागू.

याला निसर्गनियम समजू नये. फ्रेंचमध्ये भाषांची नावेसुद्धा लहान अक्षरानेच लिहितात, तर जर्मनमध्ये प्रत्येक नामाला मोठे अक्षर लागते. इंग्रजीतही पूर्वी नामांना सढळ हाताने कॅपिटल देत असत : १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्यात ‘पीपल’ आणि ‘ऑर्डर’ मोठ्या अक्षराने आहेत. नोकरीच्या अर्जात पुष्कळ लोक आजही विषयांना कॅपिटल देतात. त्याने काही बिघडत नाही, पण ‘मराठी’ लहान अक्षराने लिहिणे ही निखालस चूक ठरते.

मूळ लेखक :

मनःपूर्वक आभार. वाक्यातील एम लहान केला आहे. अर्जाच्या तक्त्यात ‘सब्जेक्ट’ असा रकाना आहे, तिथे प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीवर सुरू होत असल्याने दोन्ही एम मोठेच राहू दिले आहेत.